सीचं पान

बनसोडे बाईंना कुणी "हो, तसंच असावं" म्हटलं की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "असावं, का आहे?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला, की अजूनही घरात कुणी आमटीत मीठ पडलंय का म्हटलं तर मी तोंडानं उत्तर देत नाही. उठते आणि चाखून बघते. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही खोड काही जात नाही माझी.

आम्ही दोघी धाराशिवच्या एका सहकारी संघात होतो. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. मी टायपिस्ट. संघाचं काम चाऱ्याचं. ऐंशीच्या दशकात लागोपाठ पाऊस हुकला आणि कचेरीत नुसती निरोपांची रीघ लागली. अमक्या गावातला कडबा संपला, तमक्या गावाला उसाच्या वाढ्याची गाडी पोचलीच नाही. कागदावर आवरेना, म्हणून संचालक मंडळानं पुण्याहून कॉम्प्युटर आणले. आणले म्हणजे काय, नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मग सगळे लांब उभं राहून बघत बसले.

मोठी डिस्क एकाच यंत्रात होती. बाकीच्या खोल्यांतली यंत्रं अंगणातून ओढलेल्या काळ्या तारेनं त्याच डिस्कवर लिहायची, जावाजावांनी एकाच चुलीवर भाकरी टाकाव्यात तसं. रोज सकाळी ती डिस्क सगळ्यांना खुली करायला एक कमांड द्यावी लागे, आणि कमांडपुढं रेघ देऊन एकेक इंग्रजी अक्षर. अक्षर बदललं की डिस्कची वागणूक बदलली. कुठल्या अक्षरानं काय होतं ते इंग्रजी पुस्तकात एकेका ओळीत उरकून टाकलेलं. आणि आमच्या कचेरीत ते पुस्तक कळणारं माणूस एकच, बनसोडे बाई. त्या बी.एस्सी. झालेल्या, आधी कळंबला शाळेत गणित शिकवायच्या. संघानं त्यांना पुण्याला पाठवून हे सगळं शिकवून आणलं होतं.

आणि बाईंना धाराशिवात राहायचंच नव्हतं.

त्यांचे वडील भूमला एकटे होते. आबा. जन्मभर विहिरींना सुरुंग लावायचं काम केलेलं. बार उडवून उडवून कान गेलेले आणि दगडाची धूळ खाऊन छाती पोखरलेली. आई केव्हाच गेली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं." आबांना त्यांनी इथं खोलीवर आणून बघितलं, पण म्हातारा आठवडाभरसुद्धा टिकला नाही. "तुज्या धाराशिवात माज्या वळखीची एकबी हीर न्हाय," म्हणाले आणि भूमच्या गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून बाई दर शनिवारी संध्याकाळी भूमची एसटी पकडायच्या आणि सोमवारी सकाळी केसांत धूळ घेऊन परत. संघाची एक शाखा भूमलाही होती. तिथं बदली मिळावी, आबांचं जे काय आयुष्य उरलंय त्यात आपण जवळ असावं, एवढं एकच मागणं होतं बाईंचं. दुसरं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आमचे मॅनेजर नाईकवाडी साहेब माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. त्यांनी बाईंना समोर बसवून सांगितलं, "बाई, सही करायला मला काय लागतंय? पण तुम्ही गेल्यावर हे धूड सुरू कोण करणार? तुम्ही एकेक अक्षराचं मराठीत लिहून द्या. आपल्या देवकत्यांनी तुम्हाला एक शब्द न विचारता, नुसतं वाचून डिस्क चालवून दाखवली, की त्याच आठवड्यात सुटलात तुम्ही."

देवकते म्हणजे आमचे हेडक्लार्क. घरचा धंदा मेंढरांचा, पण त्यांनी पन्नाशीपर्यंत शाई सोडून कशाला हात लावलेला नव्हता. यंत्राच्या बटनांना ते पेन्सिलीच्या मागच्या टोकानं शिवायचे. मी म्हटलं, झालं! बाईंची बदली आता देवकत्यांच्या पेन्सिलीवर.

लिहिणं सुरू झालं. बाई हातानं लिहायच्या, मी टाइप करायची, आणि दोघी मिळून भांडायचो. कारण जे अक्षर स्वतः लावून, बिघडवून बघितलं नाही, त्यावर बाई ओळ लिहायच्या नाहीत. माझा जीव वरखाली व्हायचा.

"अहो बाई, पुस्तकात आहे की सगळं! उतरवून काढा ना, चार दिवस आधी भूमला जाल."

"लिहिणाऱ्यानं बघितलं असंल. म्या कुठं बघितलंय?"

एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई चिडल्या की असं बोलायच्या.

आर नावाचं अक्षर होतं. ते लावलं की डिस्कवरचं सगळ्यांना वाचता येतं, लिहिता कुणालाच येत नाही. नेमकं अध्यक्ष यंत्र बघायला आले त्या दिवशी बाईंनी आर लावून ठेवलेलं, कारण पाहुणे मंडळी दिसेल त्या बटनावर बोट ठेवतात हे त्यांनी आधी एकदा बघितलं होतं. अध्यक्ष खुर्चीत बसले. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं घालायचा त्यांचा हट्ट. एकेक अक्षर शोधून त्यांनी नाव घातलं आणि यंत्रानं ते घ्यायचं नाकारलं. परत घातलं, परत नाकारलं. नाईकवाडी साहेबांना दरदरून घाम फुटला. बाई मागून शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आज ते फक्त वाचून दाखवतंय. लिहून घेणं उद्यापासून." अध्यक्ष हसले म्हणून आम्ही वाचलो. त्या संध्याकाळी बाईंनी आरचं पान लिहिलं: "हे अक्षर लावल्यावर कोणालाही लिहिता येणार नाही. अध्यक्षांनाही नाही." शेवटचं वाक्य काढा म्हणून साहेब हातापाया पडायचे तेवढे राहिले. बाईंनी काढलं नाही. "घडलंय ना साहेब? मग राहू द्या," म्हणाल्या.

मग ए. बराच वेळ कुणी डिस्कशी बोललं नाही की ए तार आपणहून बंद करतं. हे बघायचं तर सगळ्यांनी यंत्राला हात न लावता गप बसायला पाहिजे. बाईंनी अख्ख्या कचेरीला हाताची घडी घालून बसवलं, शाळेतल्यासारखं. आम्ही मोठी माणसं एकमेकांकडं बघत, हसू दाबत बसलो. तार बंद झाली तेव्हा देवकते घोरत होते. बाईंनी त्यांना उठवून पान वाचायला दिलं. त्यांनी मान हलवली की बाई म्हणायच्या, "कळलं असावं, का कळलंय?" आणि देवकते बिचारे परत पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

या असल्या हट्टाचं मूळ मला भूमला कळलं. माझी नणंद तिथं दिलेली. एका रविवारी मी बाईंबरोबर गेले. छोटंसं पत्र्याचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दारात बाजेवर आबा. अंगात नुसती हाडं, पण आवाज अजून विहिरीच्या तळातनं वर पोचेल असा.

"ही कोण?"

बाईंनी त्यांच्या कानाला तोंड लावलं. "निर्मला, आबा! कचेरीतली! मी लिहिते ते ही छापते!"

"काय लिवती तू?"

"यंत्राचं! कुठलं अक्षर लावलं की काय होतं ते!"

"फुटतंय व्हय ते?"

"फुटत न्हाय! पण चुकलं तर गावच्या जनावरांना उपाशी ठिवतं!"

आबा कोपरावर उठले. "मंग तू उतरती का आदी?"

"उतरते आबा."

"मंग लिव," म्हणाले आणि माझ्याकडं बघून हसले.

मला काही उमगलं नाही. परतीच्या गाडीत बाईंनी सांगितलं. विहिरीत बार उडाले की लगेच कुणी खाली जायचं नसतं. ज्यानं सुरुंग लावला त्यानं आधी एकट्यानं उतरायचं, एकेक भोक डोळ्यांनी बघायचं, आणि मग खालून हाक द्यायची. बाईंच्या लहानपणी दुष्काळात एका विहिरीला ओल लागली होती. बायका घागरी घेऊन काठावर जमलेल्या, गडी दोराला हात घालून तयार, आणि मुकादम शिव्या देतोय. आबा दोरावर बसून राहिले. एक बार उडाल्याचा आवाज आपण ऐकला नाही म्हणाले. लोकांनी काय काय नाही बोललं त्यांना! बऱ्याच वेळानं स्वतः उतरले तर एक भोक जिवंत होतं, आतला सुरुंग उडायचा राहिलेला.

"सगळ्यात पुढं दोर धरून उभा होता तो माझा सख्खा मामा," बाई म्हणाल्या. "बारीक होते मी. पण तेव्हापासून उडी मारवत न्हाय मला कशातच."

आता राहिलं होतं एकच अक्षर. सी.

पुस्तकातली ओळ अशी होती की सी लावलं तर मूळ डिस्कला धक्का लागत नाही, नवीन लिहिलेलं बाजूला ठेवलं जातं. बस्स. बाजूला ठेवलेल्याचं पुढं काय होतं, त्यावर अवाक्षर नाही. बाईंनी पुण्याला ट्रंककॉल लावला तर तिकडचा माणूस म्हणाला, ते वापरूच नका. आम्ही सगळे म्हणालो, मग ते पान नकोच. आणि नेमकी तीच ओळ नाईकवाडी साहेबांना भलतीच आवडली.

त्याला कारण आमच्या कचेरीची रीत. कुठलाही कागद आला की मूळ प्रत कपाटात कुलपात जायची आणि काम नकलेवर व्हायचं. संध्याकाळी नकलेवरची दुरुस्ती मूळ प्रतीवर उतरवून परत कुलूप. साहेबांनी या रीतीवर अख्खी नोकरी काढली होती. ते म्हणाले, "बाई, हे तर लई झकास आहे! मूळ सुरक्षित, काम बाजूला. आपण रोज हेच लावू की!"

"पण संध्याकाळी ते मुळावर कोण उतरवणार, साहेब?"

"यंत्र उतरवत असावं की."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. तोंडून तो शब्द निघाला की काय होतं ते मला ठाऊक होतं.

देवकत्यांनी तोवर बाकीची पानं वाचून, पेन्सिलीच्या टोकानं का होईना, डिस्क सुरू करून दाखवली होती. साहेबांनी शब्द पाळला. बदलीच्या कागदावर सही झाली. बाई येत्या शनिवारी सुटणार होत्या. सी तेवढं बघायचं राहिलेलं, कारण दिवसभर चाऱ्याच्या नोंदी चालू असायच्या आणि चालत्या कामात ते लावणं म्हणजे गावांच्या नोंदींशी खेळ. संध्याकाळी कचेरी सुटली की वीज जायची ती सकाळपर्यंत, म्हणून शनिवारी दुपारी कचेरी रिकामी झाली की बघू, असं बाईंनी ठरवलं होतं.

शुक्रवारी भूमला परत निघालेली गाडी रस्त्यात थांबवून कंडक्टर कचेरीच्या दारात आला. असे निरोप तेव्हा एसटीनंच यायचे. "बाई, आबांनी अन्न सोडलंय. शेजारच्या गयाबाई म्हनल्या, आजच्या आज या."

मी त्यांची पिशवी भरून हातात दिली. "जा बाई. ते पान जाऊ द्या चुलीत." साहेबही उठून आले. खरंच कळवळून म्हणाले, "बाई, निघा तुम्ही. कागदपत्रं मागनं करू."

बाई दारापर्यंत गेल्या. मग वळल्या.

"साहेब, मी गेल्यावर सी लावणार नाही, एवढं म्हणा."

आता या माणसानं खोटं बोलायला काय हरकत होती? पण त्याच दिवशी त्यांना खरं बोलायची बुद्धी झाली. "तसं कसं म्हणू बाई? मूळ डिस्क खराब झाली तर मला जबाबदार धरतील. मला ते सुरक्षित वाटतंय. बघू, थोडे दिवस लावून बघू."

 बाहेर कंडक्टर घंटीची दोरी ओढायची म्हणून घाई करत होता. मी बाईंच्या दंडाला धरून अक्षरशः ढकलत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"गयाबाईला सांगा," त्या कंडक्टरला म्हणाल्या, "उद्या येते. एक काम राहिलंय."

मला असा संताप आला, की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. डबा वेगळा खाल्ला.

शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर बाईंनी डिस्कला सी लावलं. मी माझ्या खोलीतल्या यंत्रावर बसले होते. खोटी गावं घाला म्हणाल्या. मी रागातच घातली: निर्मलापूर, देवकतेवाडी, नाईकवाडी बुद्रुक. प्रत्येकाला गाडी. सगळं दिसत होतं. यादी मिटून परत उघडली, तरी दिसत होतं. बाईंचा चेहरा जरा सैलावला. "बघा! उगीच थांबलात," मी म्हटलं. त्या उठल्या. अंगणात गेल्या, जोडावरून तार उपसली, परत बसवली आणि आत आल्या.

निर्मलापूर गेलं होतं. देवकतेवाडी गेली होती. पडद्यावर ना चूक, ना सूचना. कधी कुणी लिहिलंच नव्हतं असा पडदा.

"गेलं," बाई म्हणाल्या. "आवाजसुद्धा केला न्हाय गं."

उभ्याउभ्या त्यांनी सांगितलं ते मी टाइप केलं: "सी लावल्यावर लिहिलेलं दिवसभर दिसतं, म्हणून माणूस फसतो. तार सुटली, वीज गेली, यंत्र बंद केलं की ते सगळं जातं. यंत्र सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गावाला गाडी जात नाही. हे मी स्वतः बघितलं आहे." पान निघालं तसं त्यांनी ते बाकीच्यात लावलं, फाइल बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवली, आणि पिशवी घेऊन स्टँडकडं पळतच सुटल्या. त्या वयाच्या बाईला पळताना बघून पानाच्या टपरीवरची माणसं हसली.

त्या पोचल्या तेव्हा दारात माणसं बसलेली होती. आबा दुपार कलताना गेले होते.

आबांच्या दिवसाच्या विधीला, जलदानाला, आम्ही कचेरीतले सगळे भूमला गेलो. नाईकवाडी साहेब भिंतीकडं तोंड करून रडले. गयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बाईंना सांगत होत्या, "म्या कानात वरडून सांगितलं, लेकीचं काम ऱ्हायलंय, उद्या येती. तर म्हनले कसं, 'उतरून येऊ द्या तिला.' आन् मग निवांत झाले."

 मी बाईंना म्हटलं, बघा, आबांना कळलं होतं. बाईंनी मला बाजूला घेतलं.

"निर्मल, आबांना गेले कितीतरी दिवस कायबी ऐकू येत न्हवतं. मागच्या दोन खेपांना माझं वरडणंसुद्धा पोचलं न्हाय. गयाबाई चांगली आहे. माझं मन राखती."

साहेब त्यांना म्हणाले, आता तिकडंच थांबा धाराशिवला, पगार वाढवून देतो. बाई म्हणाल्या, "पानं झाली की साहेब. आता माझं तिथं काय?" आणि ज्या बदलीसाठी जिवाचं रान केलं, ती बदली घेऊन त्या रिकाम्या घरात राहायला गेल्या.

पुढं थोड्याच दिवसांत साहेबांनाही दुसरीकडं नेमलं. सी लावायचा विषय कुणी काढलाच नाही. देवकत्यांनी निवृत्त होईपर्यंत त्याच पानांवर डिस्क चालवली. नवीन यंत्रं आली तेव्हा ती फाइल माझ्या हातानं मी कपाटावर टाकली. टाकायच्या आधी उघडली. आरचं, एचं पान देवकत्यांच्या बोटांनी काळं झालेलं, कोपरे दुमडलेले. आणि सीचं पान मी टाइप केलं त्या दिवशीसारखंच कोरं करकरीत. त्याला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडले.

बाईंना शेवटचं बघितलं ते भूमलाच. नणंदेकडं गेले होते, पाऊस बरा झालेलं वर्ष होतं. बाईंचे केस पांढरे झालेले, चष्मा तोच. "चल, आबांची हीर दाखवते," म्हणाल्या.  विहिरीच्या काठावर आल्यावर एकदम विचारलं, "निर्मल, सी कुणी लावलं का गं पुढं?"

"न्हाय बाई."

"पानामुळं, का तसंच?"

माझ्या डोळ्यांपुढं ते कोरं पान आलं. मी म्हटलं, "पानामुळंच की! साहेब एकदा लावणारच होते. देवकत्यांनी पान काढून पुढं धरलं, तेव्हा कुठं हात मागं घेतला. सगळी कचेरी म्हणाली, बाई होत्या म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. आता तो प्रश्न येणार म्हणून मी खाली मान घातली. इतक्या वर्षांत त्यांनी मला तो एकदाही सोडला नव्हता.

त्यांनी विचारला नाही.

"बरं झालं," एवढंच म्हणाल्या. मग चपला काढल्या, पदर खोचला. मी पुढं पाय टाकला तशी हातानं अडवलं. "थांब. पायऱ्या निसरड्या आहेत. आधी मी उतरते." एका हातानं भिंतीचा दगड धरत त्या एकेक पायरी खाली गेल्या, आणि मी त्यांच्या चपलांशेजारी उभी राहून खालून हाक यायची वाट बघत राहिले.